'मस्त' नको, 'कुठे' ते सांगा

फोनवर लिंक येते. कुणाचा तरी मारवा, कुणाचा तरी यमन. लांबी ५२ मिनिटं. पाठवणाऱ्याने खाली लिहिलेलं असतं, 'ऐकाच!' आणि पुढच्या तीन मिनिटांत ग्रुपवर रांग लागते. 'मस्त!' 'आहाहा!' 'काय तो सूर!' एक जोडलेले हात, एक डोळ्यांत बदाम. आता मला सांगा, ५२ मिनिटांचं गाणं तीन मिनिटांत कुणाचं ऐकून झालं?

हसू नका, तुम्हीही हे केलंय. मी तर दोन वर्षं इमानेइतबारे हेच करत होते.

शास्त्रीय गाण्याच्या बाबतीत आपली एक गोची असते बघा. सिनेमाचं गाणं 'बोअर आहे यार' म्हणून झटकून टाकता येतं. वेबसिरीज तिसऱ्या भागात सोडली तरी कुणी काही म्हणत नाही. पण उस्ताद अमीर खाँ लावले आणि बाराव्या मिनिटाला जांभई आली, तर ते सांगायचं कसं? आपल्यालाच काही कळत नाही, हे उघडं पडेल ना! म्हणून 'मस्त'. एकदा 'मस्त' टाकलं की सुटलो.

माझं पितळ उघडं पाडलं ते आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमधल्या काकांनी. बँकेतून रिटायर झालेत. घरात एक अख्खं कपाट कॅसेटचं, आणि प्रत्येक कॅसेटवर निळ्या शाईत बारीक अक्षरात राग, गायक, तारीख. हल्ली काका यूट्यूबवरही असतात आणि आमच्या छोट्या ग्रुपवर लिंका पाठवतात. एका दुपारी त्यांनी अमीर खाँसाहेबांचा मारवा पाठवला. मी ऑफिसात होते. सवयीने टाकलं, 'अप्रतिम, काका!'

रात्री जिन्यात भेटले. "कुठे आवडलं गं?"

मला वाटलं, कुठे ऐकलं म्हणून विचारतायत. म्हटलं, "ट्रेनमध्ये."

"तसं नव्हे. गाण्यात कुठे? कुठल्या जागेला?"

मी गप्प. एक मिनिटभर तेही गप्प. मग म्हणाले, "निवांत ऐक. नाही आवडलं तरी चालेल, तसं सांग. पण कुठे नाही आवडलं, ते सांग."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम स्लो लोकल पकडली. फास्ट गाडी पूर्वी पारसिकच्या बोगद्यातून निघून जायची, स्लो मात्र कळव्यानंतर मुंब्र्याच्या खाडीकडेने वळसा घालते. दिवस मावळत होता आणि कानात तो खोल, संथ आवाज. गंमत म्हणजे मारव्याची वेळही हीच, सूर्यास्ताची. पण मला काही छान-बिन वाटलं नाही. उलट अस्वस्थ व्हायला लागलं. मोबाईल दोनदा हातात घेतला, दोनदा ठेवला. रात्री काकांची बेल वाजवली आणि सांगून टाकलं, "काका, खरं सांगू? मला त्रास झाला. सारखं वाटतं की आता हा माणूस कुठेतरी टेकेल, पण तो टेकतच नाही."

काका हसले. "मग तू मारवाच ऐकलास."

त्याचं कारण त्यांनी मला पेटी काढून दाखवलं. मारव्यात पंचम नाही. म्हणजे सप्तकाचा जो भक्कम मधला खांब, तोच काढून टाकलेला. रिषभ कोमल, मध्यम तीव्र. त्यातून गाण्याचा मुक्काम कोमल रिषभावर आणि धैवतावर. ज्या षड्जावर आपण घरी येतो, तो 'सा' गायक लांबवत ठेवतो, त्याला वळसे घालतो. मागे तानपुरा 'सा' धरून बसलेला आणि त्याच्या अगदी शेजारी गायकाचा कोमल रिषभ घासत असतो. मला जो त्रास झाला, तो या घासण्याचा होता. इतके दिवस मी समजत होते की शास्त्रीय संगीत म्हणजे मन शांत करणारं काहीतरी. स्पामध्ये लावतात तसं. मारवा तसा नाही हो! तो तुम्हाला तासभर दारात उभा ठेवतो. आणि मग जेव्हा 'सा' लागतो, तेव्हा खाडीपलीकडचे दिवे लागल्यासारखं होतं.

हे कळल्यावर तीच रेकॉर्ड मी त्या आठवड्यात चार वेळा ऐकली. एलपीच्या एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. जुन्या रसिकांच्या घरी ही तबकडी असतेच असते.

मग काकांनी दुसरा मारवा दिला, डॉ. वसंतराव देशपांडे यांचा. तुमच्यापैकी अनेकांनी २०२२ साली आलेला 'मी वसंतराव' पाहिला असेल, ज्यात नातवाने, राहुल देशपांडे यांनी, आजोबांची भूमिका केली. लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे वसंतराव हा राग शिकले. महिनोन्‌महिने फक्त मारवा, दुसरं काही नाही, असं सांगतात. आता हे दोन मारवे शेजारी ठेवून ऐका. स्वर तेच, वर्ज्य पंचम तोच. पण अमीर खाँसाहेब त्या अस्वस्थतेत बुडी मारून तळाशी बसतात, अतिविलंबित लय, एकेका स्वराला वेळच वेळ. वसंतराव त्याच अस्वस्थतेशी झटापट करतात. तान कुठून सुटेल आणि कुठे वळेल याचा पत्ता लागत नाही. एक जण दार न उघडल्यामुळे पायरीवर डोळे मिटून बसलाय, दुसरा दारावर धडका देतोय.

बरोबर की चूक, मला माहीत नाही. पण हे माझं ऐकणं होतं. पहिल्यांदाच मला एखाद्या रेकॉर्डिंगबद्दल 'मस्त' सोडून दुसरं काही बोलता आलं.

तिथून आमचे शनिवार सुरू झाले. महिन्यातून एकदा, काकांच्या हॉलमध्ये. काका, मी, फोंड्याहून नोकरीसाठी आलेली माझी मैत्रीण, आणि कॉलेजपासूनचा एक मित्र, जो तबला शिकतो. एक राग, तीन रेकॉर्डिंग, मध्ये चहा. नियम एकच, नाव आधी सांगायचं नाही.

हा नियम का, ते तुम्हीच करून बघा म्हणजे कळेल. नाव ऐकलं की आपले कान आपोआप हात जोडतात. 'पंडितजी' म्हटलं की मान डोलायलाच लागते. नाव झाकलं, की मग खरी पंचाईत. एका शनिवारी आम्ही तिघांनी एकमताने एका नामवंत गायकाच्या रेकॉर्डिंगला 'जरा लांबतंय' म्हटलं आणि नाव कळल्यावर तिघेही शरमलो. काका म्हणाले, "शरमता कशाला? त्या दिवशी त्यांचा आवाज बसला होता, मी तिथे होतो."

सुरुवात करायची असेल तर मारव्यापासून करू नका, असं मी सांगेन. भूप आणि देशकार घ्या. दोन्हींत तेच पाच स्वर: सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद दोन्हींत नाहीत. पण भूप संध्याकाळचा, गंधारावर विसावणारा. देशकार सकाळचा, धैवतावर उजळणारा. किशोरीताई आमोणकरांचा भूप लावा, मग कुणाचाही देशकार लावा आणि मित्राला विचारा, फरक कुठे ऐकू आला? तो 'माहीत नाही, पण दुसरा जास्त टवटवीत वाटला' एवढंच म्हणाला, तरी त्याने बरंच ऐकलंय. त्यानंतर मारवा, पुरिया आणि सोहनी हे त्रिकूट. तिघांचे स्वर सारखे. पुरिया खाली मंद्रात रमतो, गंधार-निषादावर थांबतो. सोहनी वर, तार सप्तकात भिरभिरते. मारवा कुठे असतो, ते आता तुम्हाला माहितीये.

तुलना करताना एक अन्याय आपण हमखास करतो. तीन मिनिटांची जुनी तबकडी आणि तासाभराची मैफल एकाच तराजूत घालतो. १९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्यात गौहर जान यांनी ग्रामोफोनसाठी गाणं दिलं, तेव्हा तबकडीवर मावणारा वेळ जेमतेम तीन मिनिटांचा. तेवढ्यात आलाप, बंदिश, ताना, सगळं उरकायचं, वर शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारायचं. पुढची कितीतरी वर्षं हेच माप. तेव्हाच्या गायकांनी राग अर्काच्या बाटलीत भरून दिलाय म्हणा ना. तो प्यायचाही तसाच, थेंबाथेंबाने, पुन्हा पुन्हा. एलपी आल्यावर बाजूला वीसेक मिनिटं मिळाली, कॅसेटवर त्याहून जास्त, आणि मैफलीच्या खासगी मुद्रणांना तर धरबंधच नाही.

या मुद्द्यावर आमच्या फोंडेकर मैत्रिणीचं हक्काचं उदाहरण म्हणजे केसरबाई केरकर. गोव्यातल्या केरीच्या. १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर त्यांची भैरवी आहे. साडेतीन मिनिटांची. बाईंची मैफल ज्यांनी ऐकली ते सांगतात की त्यांचा दमसास, रागाची ती बांधणी यांचा अंदाज तबकडीवरून येतच नाही. म्हणजे परग्रहावर आपण जयपूर-अत्रौली घराण्याचा ट्रेलर पाठवलाय! (उद्या तिथून कुणी 'मस्त' असा रिप्लाय दिला, तर आमच्या काकांना कळवा. ते विचारतील, कुठे?)

आणखी एक, जे मला खूप उशिरा कळलं. जुन्या तबकड्यांना आपण सरसकट '७८ फेऱ्यांच्या' म्हणतो, पण सुरुवातीच्या सगळ्याच काही नेमक्या ७८ ला मुद्रित झालेल्या नाहीत. चुकीच्या वेगाने वाजवून कुणी ती चढवली की पट्टी वर जाते, आवाज बारीक होतो, तान आहे त्याहून जलद वाटते. अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज मुळातच उंच. त्यात तबकडी जराशी पळाली, तर आपण त्यांच्याबद्दल भलतंच मत करून बसायचो. म्हणून एखादी जुनी चीज खटकली, तर तिच्याच दोन-तीन प्रती शोधून ऐका. बऱ्याचदा पट्टी वेगळी निघते. मुंबईत १९९० पासून 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संग्राहकांची संस्था आहे. अशा मंडळींसाठी लेबल, क्रमांक आणि वेग हे गाण्याइतकेच महत्त्वाचे. आधी मला तो छंदिष्टपणा वाटायचा. आता वाटत नाही.

काकांची एक कॅसेट आहे. डोंबिवलीतल्या गणेशोत्सवात ऐंशीच्या दशकात कधीतरी मुद्रित केलेली. ओल लागून लेबलची शाई पसरली. राग वाचता येतो, तारखेचा अर्धा भाग वाचता येतो, नाव गेलं. काकांनी ती एका शनिवारी लावली. कुणी बाई गातायत, शुद्ध कल्याण. पेटीवाला मागे पडतोय, मधेच लाऊडस्पीकर शिट्टी मारतो. आम्ही नावं सुचवत राहिलो, एकेक मोठं नाव. काका नुसतेच मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "मलाच आठवत नाही कोण ते. त्या काळच्या कुणी स्थानिक गायिका असाव्यात. पुष्कळांना विचारून झालं."

अकराव्या-बाराव्या मिनिटाच्या आसपास त्या बाई वरच्या षड्जाकडे जाता जाता अशा काही अडखळतात, की अडखळल्या असं वाटेपर्यंत तिहाईसारखं समेवर येऊन पोचतात. आणि तिथे टेपवर एक तरुण आवाज ऐकू येतो, "अरे वा!" माईकच्या अगदी जवळून. मी काकांकडे बघितलं. ते कपबशी उचलण्यात गुंतले होते. आवाज त्यांचाच होता, चाळीस वर्षांपूर्वीचा.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मैफलीतली दाद म्हणजे याच 'कुठे'चं उत्तर असतं. ती नेमक्या जागेला येते, आधी नाही, नंतर नाही. १९५३ पासून पुण्यात भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवाला गेला असाल तर आठवा, हजारो माणसं एकाच समेला एकदम 'हा!' करतात. घरी हेडफोन लावून एकटे ऐकताना आपल्याकडे ती सोय नाही. मग ती जागा मिनिट-सेकंदाने लिहून मित्राला पाठवायची. एवढंच आम्ही करतो.

आता जे सांगायचंय ते माझ्या फारसं भूषणाचं नाही. गेल्या पावसाळ्यात आमचा तबलावाला मित्र शनिवारी यायचा बंद झाला. माझ्यामुळे.

त्या दिवशी मारवाच होता. तोवर मी पक्की अमीर खाँवाली झाले होते. चार पुस्तकं वाचली होती, दोन शब्द जास्त बोलायला लागले होते. त्याने वसंतरावांच्या एका मैफलीचं मुद्रण आणलं होतं, कॅसेटवरून उतरवलेलं, खरखरीसकट. नाव न सांगताही मी ओळखलं आणि पाचव्या मिनिटाला म्हटलं, "हा मारवा नाही रे, ही कुस्ती आहे." फोंडेकरीण हसली. मीही हसले. तो काही बोलला नाही. रेकॉर्डिंग संपेपर्यंत बसला, चहा न घेता गेला आणि पुढच्या महिन्यात 'काम आहे' असा मेसेज आला. त्याच्या पुढच्याही.

काकांकडून नंतर कळलं. त्याच्या वडिलांचं कल्याणला रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्त झालेला प्रत्येक टेपरेकॉर्डर गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी ते याच कॅसेटवर तपासायचे. तानांमध्ये आवाज थरथरला नाही, म्हणजे मोटर ठीक. शाळेतून आला की हा दुकानात अभ्यासाला बसायचा, आणि दिवसातून चार-पाच वेळा तोच मारवा. ते दुकान आता नाही. कॅसेट तेवढी आहे.

म्हणजे मी जिला पाच मिनिटांत निकालात काढलं, ती रेकॉर्ड तो हजारदा ऐकून आला होता. तिच्यात कुठे काय आहे, हे त्या खोलीत त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि मी त्याला एका शब्दाने विचारलं नाही, की तुला कुठे आवडतं. काकांनी जिन्यात मला विचारलेला साधा प्रश्न.

तुमच्याही ग्रुपवर हे होतं, मला माहितीये. किराणा श्रेष्ठ की जयपूर, भीमसेनजी की कुमारजी. क्रिकेटसारखी टीम निवडून भांडायला मजा येते, आणि थोडं भांडावंही. फक्त समोरच्याची रेकॉर्ड कुठून आलीये, ते आपल्याला दिसत नसतं.

मी सॉरी म्हटलं. त्याने 'अगं, ठीक आहे' असं उत्तर दिलं. तुम्हाला माहितीये 'ठीक आहे'चा अर्थ काय असतो तो. मग दोन महिने काहीच नाही. आणि एका रात्री त्याचा मेसेज आला. शब्द एकही नाही. त्याच मैफलीची फाईल आणि खाली फक्त '२३:१०'.

मी थेट २३:१० ला उडी मारली नाही. दुसऱ्या दिवशी स्लो लोकल पकडली, सुरुवातीपासून लावली. कळवा गेलं, मुंब्रा गेलं. २३:१० ला एक लांबलचक तान आहे, तीन सप्तकं पालथी घालणारी. पहिल्यांदा मला ती 'कुस्ती'च वाटली होती. पण तिच्यानंतर वसंतराव थांबतात. बरंच थांबतात, तबला एकटाच चालू राहतो. आणि मग हळूच, जवळजवळ बोलल्यासारखा, 'सा' लावतात. इतका वेळ चुकवलेला. मी घरी पोचल्यावर लिहिलं, 'तान नाही. तिच्यानंतर थांबतात, ते.'

दोन निळ्या टिका आल्या. तासाभराने त्याने दुसरी लिंक पाठवली, ४१ मिनिटांची, खाली वेळ न लिहिता. कालची गोष्ट आहे ही. अजून ऐकून झालेली नाही, म्हणून उत्तर दिलेलं नाही.